साखर सोडली, तरी शुगर का उतरत नाही?

टाइप टू मधुमेहाचं निदान झालं की पहिला निर्णय ठरलेला असतो: गोड बंद. निर्णय योग्यच आहे, पण अपुरा आहे. महिनाभर निष्ठेनं गोड टाळलेला माणूस सकाळी उपाशीपोटी रक्त तपासतो, आकडा १५०च्या पुढे दिसतो आणि तो खचून जातो. रात्रभर पोटात काही गेलं नाही, मग ही साखर आली कुठून?

ती यकृतातून आली. झोपेतही मेंदूला ग्लुकोज लागतं, म्हणून उपाशी असताना यकृत आपल्या साठ्यातून ते सोडतं आणि नव्यानं तयारही करतं. किती सोडायचं यावर इन्सुलिनचा अंकुश असतो. यकृतात चरबी साचली की ते इन्सुलिनला दाद देईनासं होतं आणि गरज नसताना रक्तात ग्लुकोज ओतत राहतं. त्यात पहाटे कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक आणि वाढीचं संप्रेरक चढलेलं असतं, त्यामुळे आकडा आणखी वर जातो. सकाळची शुगर वाढलेली दिसली म्हणून आदल्या रात्रीच्या जेवणाला दोष देणं किंवा रात्रीचं जेवणच सोडून देणं, हा उपाय नव्हे.

आहार बदलायचा तो या यकृतापर्यंत पोहोचेल असा. ब्रिटनमधल्या न्यूकॅसल विद्यापीठात रॉय टेलर यांनी २००८ साली एक मांडणी केली: गरजेपेक्षा जास्त खाणं वर्षानुवर्षं चाललं की चरबी आधी यकृतात आणि मग स्वादुपिंडात साठते, इन्सुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशी त्यामुळे मंदावतात, आणि ही चरबी हटली तर गाडी उलट दिशेनंही जाऊ शकते. २०११मध्ये त्यांच्या गटानं निदान होऊन फार वर्षं न झालेल्या ११ जणांना आठ आठवडे दिवसाला सुमारे ६०० कॅलरींवर ठेवलं. पहिल्याच आठवड्यात त्यांची उपाशीपोटीची शुगर सामान्य पातळीवर आली. बीटा पेशींना सावरायला मात्र पुढचे काही आठवडे लागले.

मग ‘डायरेक्ट’ नावाची मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१७च्या अखेरीस आले. निदान होऊन सहा वर्षांपेक्षा कमी काळ झालेल्या, इन्सुलिन न घेणाऱ्या लोकांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली तीन ते पाच महिने दिवसाला साधारण ८५० कॅलरींचा आहार दिला, नंतर नेहमीचं अन्न हळूहळू सुरू केलं. वर्षअखेर त्यांच्यातले ४६ टक्के लोक औषधांशिवाय मधुमेहाच्या पातळीखाली होते. १५ किलो किंवा अधिक वजन उतरवलेल्यांमध्ये हे प्रमाण ८६ टक्के होतं. दुसऱ्या वर्षाअखेर एकूण प्रमाण ४६ वरून ३६ टक्क्यांवर आलं, कारण वजन परत वाढलं की आजारही परत येतो. म्हणून याला ‘बरा झाला’ म्हणत नाहीत, ‘रेमिशन’ म्हणतात. इतका कडक आहार मनानं सुरू करण्याची गोष्ट नाही, आणि प्रत्येकाला त्याची गरजही नाही. पाच ते सात टक्के वजन उतरलं तरी शुगरमध्ये फरक दिसतो. मला यातलं सर्वात मोलाचं वाटतं ते वेळेचं गणित. बीटा पेशी सावरण्याची शक्यता सुरुवातीच्या वर्षांत जास्त असते. ‘अजून गोळी लहान आहे, पुढे बघू’ असं म्हणत नेमकी हीच वर्षं हातची जातात.

आता रोजच्या ताटाकडे येऊ. धान्य आणि कंदमुळांतला स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्याच लांब साखळ्या. त्या गोड लागत नाहीत, पण पचल्यावर ग्लुकोजच होतात. म्हणून गोड सोडून त्याच भुकेनं धान्य जास्त खाल्लं तर हाती फारसं काही लागत नाही. पिष्टमय पदार्थ कमी, भाज्या भरपूर, प्रत्येक जेवणात कडधान्यं किंवा इतर प्रथिनं: निम्मं काम इथेच होतं. फळ चावून खावं, त्याचा रस पिऊ नये. रस काढला की तंतू जातात आणि साखर भराभर रक्तात उतरते.

खाण्याचा क्रमही महत्त्वाचा असतो, हे फार जणांना ठाऊक नसतं. न्यूयॉर्कमधल्या वाइल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयात २०१५ साली ११ रुग्णांना तेच जेवण दोन क्रमांनी दिलं. भाज्या आणि प्रथिनं आधी, पिष्टमय पदार्थ १५ मिनिटांनी, असा क्रम ठेवला तेव्हा तासाभरानं मोजलेली शुगर उलट क्रमाच्या तुलनेत सुमारे ३७ टक्क्यांनी कमी होती. अभ्यास छोटा आहे, पण करून बघायला काही खर्च नाही.

करून बघणं हाच या आजारातला खरा अभ्यास. इस्रायलमधल्या वाइझमान संस्थेनं २०१५मध्ये ८०० लोकांची शुगर आठवडाभर सतत मोजली. एकच पदार्थ खाऊन कुणाची शुगर झपाट्यानं चढली, कुणाची जेमतेम हलली. तेव्हा शेजाऱ्याला चालणारा पदार्थ तुम्हाला चालेलच असं नाही. घरी ग्लुकोमीटर असेल तर जेवणाआधी आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी मोजून लिहून ठेवा. काही दिवसांत स्वतःच्या शरीराचा तक्ता तयार होतो, आणि तो कुठल्याही छापील यादीपेक्षा उपयोगी ठरतो.

जेवणानंतर रक्तात आलेल्या ग्लुकोजचा सर्वात मोठा गिऱ्हाईक म्हणजे स्नायू. स्नायू आकुंचन पावू लागला की त्याच्या पेशीतलं ग्लूट-४ हे प्रथिन पृष्ठभागावर येतं आणि ग्लुकोज आत घेतं. यासाठी इन्सुलिनच्या निरोपाची वाट पाहावी लागत नाही. इन्सुलिनला प्रतिसाद मंदावलेल्या माणसासाठी ही केवढी सोय आहे! न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठानं २०१६ साली टाइप टू मधुमेहाच्या ४१ रुग्णांमध्ये तुलना केली: दिवसातून एकदा ३० मिनिटं चालणं की प्रत्येक मुख्य जेवणानंतर १० मिनिटं. जेवणानंतरची शुगर दुसऱ्या पद्धतीत सरासरी १२ टक्क्यांनी कमी राहिली, आणि फरक सर्वात ठळक दिसला तो रात्रीच्या जेवणानंतर. चालण्याबरोबर आठवड्यातून दोन-तीनदा स्नायूंना जोर देणारा व्यायाम हवा, आणि अर्ध्या-अर्ध्या तासानं खुर्ची सोडायला हवी.

झोप कमी पडली की इन्सुलिनचा परिणाम मंदावतो, तेव्हा तिच्याशी तडजोड नको. तंबाखू तर सोडायचीच, कारण मधुमेह आणि तंबाखू मिळून हृदयाच्या रक्तवाहिन्यांवर दुहेरी घाव घालतात.

हे सगळं सुरू केल्यावर एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी रक्तचाचणी, पुन्हा साधारण तीन महिन्यांनी करावी. लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, तिच्यातल्या हिमोग्लोबिनला चिकटलेलं ग्लुकोज ही चाचणी मोजते, त्यामुळे पंधरा दिवसांच्या मेहनतीचं पूर्ण चित्र तिच्यात उमटत नाही. पण औषधं चालू असतील तर तीन महिने थांबू नका. आहार बदलण्याआधीच डॉक्टरांशी बोला. सल्फोनिलयुरिया गटातल्या (स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावणाऱ्या) गोळ्या किंवा इन्सुलिन घेत असताना खाणं अचानक घटवलं तर शुगर ७०च्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, धडधड, गोंधळल्यासारखं वाटणं ही त्याची लक्षणं. अशा वेळी १५ ग्रॅम ग्लुकोज लगेच घ्यावं, १५ मिनिटांनी पुन्हा मोजावं आणि आकडा वर आला नसेल तर आणखी तेवढंच घ्यावं. एसजीएलटी-२ गटाच्या (लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या) गोळ्या घेणाऱ्यांनी पिष्टमय पदार्थ एकदम बंद केले तर रक्तात आम्ल वाढण्याचा धोका असतो, आणि त्यात शुगर फारशी वाढलेली नसतानाही माणूस गंभीर आजारी होऊ शकतो. मळमळ, उलट्या किंवा धाप सुरू झाली, तर मीटरवरचा आकडा बरा दिसला तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.