पडद्याचा उपचार सुरू करायच्या आधी पेशंटला काय सांगायला हवं

डोळ्याच्या पडद्याचा त्रास आहे असं सांगितलं की पेशंटचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, चष्म्याचा नंबर बदलला तर दिसेल ना? मग दुसरा, मोतीबिंदूसारखं एकदा ऑपरेशन करून मोकळं होता येईल का? दोन्हीचं उत्तर बहुतेक वेळा नाही असंच असतं, आणि ते नाही नीट बसून, वेळ देऊन, घरच्या माणसासमोर सांगणं हे औषधाइतकंच महत्त्वाचं आहे असं मला मनापासून वाटतं, कारण आपण नेमकं कशासाठी परत परत जातोय हेच ज्याला कळलेलं नाही तो दोन-तीन व्हिजिटनंतर येणं सोडणारच.

मोतीबिंदूत भिंग गढूळ होतं, ते काढून नवीन बसवता येतं. पडदा असा बदलता येत नाही. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला असलेला हा जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा थर म्हणजे खरं तर मेंदूचाच भाग, गर्भात तो मेंदूतूनच तयार होतो, आणि त्यातल्या पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. त्यात पडद्याला दुखणं कळत नाही! डायबिटीसमुळे आतल्या बारीक रक्तवाहिन्या फुगतायत, झिरपतायत, कुठे कुठे रक्त सांडलंय आणि माणूस आरामात पेपर वाचतोय असं सर्रास असतं. म्हणून टाईप 2 डायबिटीस कळला की लगेच आणि टाईप 1 असेल तर साधारण 5 वर्षांच्या आत, ड्रॉप टाकून बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यायचा आणि पुढे डॉक्टर सांगतील तसं दाखवत राहायचं, दिसत कितीही चांगलं असलं तरी.

डायबिटीसमध्ये नजर जाते ती मुख्यतः दोन प्रकारे. एक म्हणजे पडद्याचा अगदी मधला भाग, मॅक्युला, तिथे पाणी झिरपून सूज येते आणि वाचणं, चेहरे ओळखणं अवघड होतं. दुसरं म्हणजे रक्तपुरवठा बंद पडत गेलेल्या पडद्याला ऑक्सिजन कमी पडतो, मग तो व्हीईजीएफ नावाचं प्रोटीन जास्त सोडायला लागतो, त्याने नवीन रक्तवाहिन्या फुटतात, पण त्या इतक्या नाजूक असतात की डोळ्यातल्या जेलमध्ये रक्तस्राव होतो किंवा पुढे त्यांच्या जाळ्याने पडदाच ओढला जातो. मधल्या सुजेतही याच प्रोटीनचा मोठा हात असतो आणि वयामुळे होणाऱ्या ओल्या मॅक्युलाच्या आजारातही, म्हणजे जिथे मॅक्युलाखाली नवीन रक्तवाहिन्या फुटून झिरपतात.

आता जी इंजेक्शनं देतात ती हे प्रोटीन अडवणारी. बेव्हासिझुमॅब हे 2004 मध्ये मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी मंजूर झालेलं औषध, ते डोळ्यात वापरून बघितलं गेलं, मग 2006 मध्ये खास डोळ्यासाठीचं रॅनिबिझुमॅब आलं, नंतर अफ्लिबरसेप्ट, फॅरिसिमॅब. पेशंटला वाटतं महागडं तेच चांगलं. तसं सरसकट नाही. वयाच्या ओल्या आजारात पहिल्या दोन औषधांची समोरासमोर तुलना झाली, 2011 मध्ये निकाल आला, नजरेच्या बाबतीत दोन्ही सारखीच निघाली. डायबिटीसच्या सुजेत मात्र सुरुवातीलाच नजर बरीच कमी असेल तर अफ्लिबरसेप्टने पहिल्या वर्षी जास्त फायदा दिसला. म्हणजे कोणतं औषध हे तुमचा आजार आणि आजची नजर बघून ठरतं, आणि खर्चाबद्दल डॉक्टरांना सरळ विचारायला अजिबात लाजू नका.

डोळ्यात सुई म्हटल्यावर भीती वाटतेच, त्यात चूक काही नाही. ड्रॉप टाकून डोळा सुन्न करतात, पोव्हिडोन आयोडीन या जंतुनाशकाने साफ करतात आणि पांढऱ्या भागातून 0.05 मिली औषध आत जातं, काही सेकंदांचं काम. पांढऱ्यावर लाल डाग, थोडं खुपणं एवढं चालतं. पण पुढच्या काही दिवसांत दुखणं वाढत गेलं किंवा नजर खाली गेली तर इन्फेक्शन असू शकतं, ते हजारो इंजेक्शनांत एखादंच होतं पण झालं तर त्याच दिवशी दाखवायचं.

आणि एका इंजेक्शनने काम होत नाही, हे तर पहिल्याच दिवशी सांगायला हवं. भिंतीला ओल आली की आपण ती वाळवतो, पण आतला पाईप गळतच असेल तर ओल परत येते, तसंच हे. सुरुवातीला बहुधा दर महिन्याला, मग ओसीटी स्कॅनमध्ये, म्हणजे प्रकाशाने पडद्याचे थर दाखवणाऱ्या तपासणीत, सूज किती उतरली ते बघून अंतर वाढवत न्यायचं, आणि सोबत शुगर आणि बीपी सांभाळायचं.

लेझरबद्दल तर फारच गैरसमज. नवीन रक्तवाहिन्यांसाठी जो लेझर करतात त्यात पडद्याचा कडेचा भाग मुद्दाम थोडा जाळतात म्हणजे त्याची ऑक्सिजनची मागणी कमी होते आणि ते प्रोटीन सुटणंही. नजर गंभीरपणे जाण्याचा धोका याने निम्म्याहून कमी होतो हे 1976 पासून माहीत आहे. पण लेझरने दिसणं सुधारत नाही, उलट रात्रीचं आणि कडेचं थोडं कमी होऊ शकतं, आणि हे आधी सांगितलं नाही तर माणूस घरी जाऊन म्हणतो लेझरने डोळा बिघडवला. आज याच आजारात इंजेक्शनंही तितकीच चालतात, पण नियमित येणं जमलं तरच. इंजेक्शनं घेऊन महिनोन्महिने गायब झालेल्यांचे डोळे लेझर करून गायब झालेल्यांपेक्षा जास्त बिघडलेले दिसलेत. त्यामुळे तुम्हाला कोण घेऊन येतं, सुट्टी मिळते का, हे प्रश्न डॉक्टर उगाच गप्पा म्हणून विचारत नाहीत, खरी अडचण सांगा, त्यावरून उपचार ठरतो.

वयामुळेच होणाऱ्या पण न झिरपणाऱ्या, म्हणजे कोरड्या मॅक्युलाच्या आजारात ठराविक व्हिटॅमिनच्या गोळ्या मधल्या स्टेजला उपयोगी पडतात, सगळ्यांना नाही, आणि सिगारेट ओढणाऱ्यांनी किंवा पूर्वी ओढणाऱ्यांनी बीटा कॅरोटीन असलेल्या टाळाव्यात. घरी एकेक डोळा झाकून चौकटीच्या कागदावर बघायचं, सरळ रेघ वाकडी दिसली तर लवकर दाखवायचं.

पडदा सुटणं, म्हणजे तो डोळ्याच्या मागच्या भिंतीपासून अलग होणं, हे मात्र वेगळं, तिथे वेळ नसतो. अचानक खूप काळे ठिपके, वीज चमकल्यासारखं, कडेने सावली सरकत आली तर त्याच दिवशी दाखवा. 1920च्या दशकात ज्यूल्स गोनँ या स्विस डोळ्यांच्या डॉक्टरांनी पडद्याला पडलेलं भोक बंद करायलाच हवं हे दाखवून दिलं, त्याआधी बहुतेकांचा तो डोळा जायचाच. आज मधला भाग सुटायच्या आत ऑपरेशन झालं तर चांगली नजर टिकण्याची शक्यता बरीच जास्त. ऑपरेशनमध्ये बऱ्याचदा डोळ्यात गॅस भरतात, मग सांगितलेल्या बाजूला मान ठेवून झोपायचं, आणि गॅस पूर्ण जाईपर्यंत विमानप्रवास नाही, उंचावर गॅस फुगतो आणि डोळ्यातलं प्रेशर इतकं वाढू शकतं की नजर जाईल. तेवढ्या दिवसांत दुसरं कुठलं ऑपरेशन निघालं तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना डोळ्यात गॅस आहे हे आधी सांगायचं, कारण भुलेत वापरतात तो नायट्रस ऑक्साईडही तो बुडबुडा फुगवतो.