बाळंतिणींशी बोलून संशोधन करायचंय? एथिक्स कमिटीचा अर्ज असा भरा

लेबर रूममध्ये सोबत कुणाला थांबू दिलं का, टाके घालण्याआधी काही सांगितलं का, बाळ पहिल्या तासात पाजायला दिलं का. असे प्रश्न विचारायला ना सुई लागते ना औषध. म्हणून एमपीएच (सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी) किंवा पीएसएम (समाजवैद्यक) करणाऱ्या बऱ्याच विद्यार्थ्यांना वाटतं की एवढ्याशा प्रश्नावलीला एथिक्स कमिटी, म्हणजे संशोधनात माणसांना त्रास होणार नाही ना हे तपासून मंजुरी देणारी समिती, कशाला? पण लागते. माणसांकडून माहिती घेणारं कुठलंही आरोग्य संशोधन आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांखाली येतं. काम सुरू केल्यावर मागाहून मंजुरी मिळत नाही. 'आधी थोडा डेटा गोळा करू, कागद होतील नंतर' असं म्हणणाऱ्यांचा तो डेटा वाया जातो.

अर्ज कुणी, कुठे करायचा

अर्ज मुख्य संशोधकाच्या नावाने जातो. विद्यार्थी असाल तर गाईडची सही आणि विभागप्रमुखांचं पत्र हवं. तुमच्या कॉलेजची कमिटी केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदलेली आहे का, हे आधी कार्यालयात विचारा. २०१९ च्या नियमांनी ही नोंदणी सक्तीची केली आहे. संस्थेची स्वतःची कमिटी नसेल, आणि लहान स्वयंसेवी संस्थांची बहुधा नसतेच, तर दुसऱ्या संस्थेच्या कमिटीशी लेखी करार करून तिच्याकडे अर्ज करता येतो.

कमिटीची मंजुरी म्हणजे रुग्णालयात शिरायची परवानगी, असं मात्र समजू नका. ती वेगळी घ्यावी लागते. जिल्हा, उपजिल्हा किंवा ग्रामीण रुग्णालय असेल तर जिल्हा शल्यचिकित्सकांकडून, प्राथमिक आरोग्य केंद्र असेल तर जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडून, मेडिकल कॉलेज असेल तर अधिष्ठात्यांकडून. काही कमिट्या हे पत्र अर्जासोबतच मागतात, म्हणून दोन्हीकडे एकाच आठवड्यात अर्ज टाका. परदेशी निधी किंवा परदेशी विद्यापीठ भागीदार असेल तर आयसीएमआरमार्फत आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीकडेही जावं लागतं. तो वेळ वेळापत्रकात आधीच धरा.

कागदपत्रं

प्रोटोकॉल (अभ्यासाचा सविस्तर लेखी आराखडा), प्रश्नावली किंवा निरीक्षणाची तपासयादी, संशोधकांचे बायोडाटा, संशोधन-नीतीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, खर्चाचा अंदाज, हितसंबंधांचं घोषणापत्र. यात फारसं कुणी अडकत नाही. आयसीएमआरचे सामाईक फॉर्म आहेत, बऱ्याच कमिट्या तेच वापरतात.

अडकतं ते माहितीपत्रक आणि संमतीपत्रात. इंग्रजी मसुद्याबरोबर मराठी हवाच, शिवाय तुमच्या भागातल्या बायका ज्या भाषेत बोलतात तीही. माझा पहिला अर्ज याच कारणाने परत आला होता. मी 'सदर अभ्यासात सहभागी होण्यामुळे कोणतीही जोखीम संभवत नाही' असं लिहिलं होतं. कमिटीतल्या सामान्य नागरिक सदस्यबाईंनी विचारलं, वॉर्डात सिस्टर पलीकडेच उभ्या असताना बाई 'मला मारलं' असं सांगू शकेल का? आणि सांगितलंच तर तिला पुढचे दोन दिवस त्याच वॉर्डात राहायचं आहे, हे तुमच्या लक्षात आहे का? मग मुलाखतीची जागा बदलली. डिस्चार्जनंतर, लसीकरणाला आल्यावर, वेगळ्या खोलीत. वाक्यही बदललं: 'काही प्रश्नांनी तुम्हाला त्रास होऊ शकतो. नको वाटला तो प्रश्न सोडा. नाही म्हणालात तरी तुमच्या आणि बाळाच्या उपचारात फरक पडणार नाही.'

संमती कधी घेणार, हेही लिहा. कळा सुरू असताना पुढे केलेल्या कागदावरची सही संमती म्हणून धरता येत नाही. लेबर रूममध्ये निरीक्षण करायचं असेल तर एएनसी ओपीडीतच (गरोदरपणातल्या तपासणीच्या वेळीच) समजावून सांगा आणि दाखल झाल्यावर पुन्हा विचारा. बाई लिहिता-वाचता येणारी नसेल तर अंगठा चालतो, पण शेजारी निष्पक्ष साक्षीदाराची सही लागते. तो तुमच्या टीमचा नसावा. सज्ञान बाईची संमती तिचीच. नवऱ्याची किंवा सासूबाईंची सही तिच्या जागी चालत नाही. बाळाचं वजन, तपासण्या घ्यायच्या असतील तर त्यासाठी पालकांची संमती वेगळी.

निरीक्षण करताना सिस्टर, डॉक्टर, मावशी यांचीही नोंद होते, हे बहुतेक जण विसरतात. तीही माणसंच, त्यांचीही संमती लागते. तीन जणींच्या पाळीत 'सिस्टर क्रमांक २' कोण, हे अख्ख्या रुग्णालयाला कळतं, त्यामुळे अहवालात पाळी आणि तारीख एकत्र देऊ नका.

वय १८ खालचं असेल तर

इथे खरी पंचाईत आहे. सतरा वर्षांची बाळंतीण समोर आली तर पॉक्सो कायद्याच्या (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या) कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवण्याची जबाबदारी प्रत्येकावर आहे, संशोधकालाही त्यातून सूट नाही. म्हणजे 'तुमची माहिती पूर्ण गुप्त राहील' हे वाक्य तिच्यासाठी खोटं ठरतं. काही जण सरळ १८ च्या पुढच्याच बायका घेतात. सोपं आहे, पण मग जिला सगळ्यात वाईट वागणूक मिळण्याची शक्यता आहे तीच अभ्यासातून गळते. तिला घ्यायचंच असेल तर गुप्ततेची मर्यादा माहितीपत्रकात स्पष्ट लिहा, पालकांच्या परवानगीबरोबर तिचा स्वतःचा होकार घ्या आणि प्रकरण कळवावं लागलं तर पुढे तिला कोण मदत करणार, हे प्रोटोकॉलमध्ये असू द्या. गर्भपाताच्या नोंदी पाहणार असाल तर एमटीपी (वैद्यकीय गर्भपात) कायद्याची गोपनीयता आहेच. नाव असलेलं रजिस्टर हातात मिळेल असं गृहीत धरू नका.

छाननी कशी होते

तीन वाटा आहेत. मुंबईत देवनारला असलेल्या आयआयपीएस या लोकसंख्या-अभ्यासाच्या संस्थेने केलेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणासारखा खुला, नावं नसलेला डेटा वापरणार असाल तर छाननीतून सूट मिळू शकते. पण सूट आहे की नाही हे कमिटी ठरवते, आपण नाही, म्हणून अर्ज तरीही करायचा. नावं काढून टाकलेल्या केसपेपरसारख्या कमी जोखमीच्या कामाची जलद छाननी काही सदस्य करतात. गर्भवती आणि बाळंतिणी असुरक्षित गटात मोडतात, त्यामुळे मुलाखती असतील तर पूर्ण बैठकीची तयारी ठेवा. गणपूर्तीला किमान पाच सदस्य लागतात, त्यांत बिगर-वैद्यकीय आणि संस्थेबाहेरचे सदस्यही हवेत. सुट्ट्या-परीक्षांच्या महिन्यात बैठक पुढे ढकलली जाते, तेव्हा सचिवांकडून तारीख आधीच काढून घ्या.

पत्र बहुधा 'दुरुस्तीसह मंजूर' असं येतं. उत्तर देताना मुद्दा क्रमांक, जुनं वाक्य, नवं वाक्य असा तक्ता करा. मंजुरीनंतर प्रश्नावलीत एक प्रश्न जरी वाढवला तरी तो वापरण्याआधी पुन्हा कळवावं लागतं. अभ्यास वर्षापेक्षा जास्त चालला तर प्रगती अहवाल, संपल्यावर अंतिम अहवाल. बाईला प्रवासखर्च किंवा बुडालेली मजुरी देता येते, मात्र रक्कम अर्जातच लिहा.