मुलुंडची जमीन: डोंगर, कारखाने आणि मिठागरांची पार्श्वभूमी

पश्चिमेला राष्ट्रीय उद्यानाला टेकलेला डोंगर, मध्ये लालबहादूर शास्त्री मार्गालगतची कारखान्यांची रांग आणि पूर्वेला द्रुतगती महामार्गापलीकडची मिठागरं. मुलुंडच्या जमिनीचे ढोबळमानाने हे तीन पट्टे. स्टेशनपासून पाचरस्त्यापर्यंतची काटकोनातली आखणी १९२० च्या दशकातली. फाळणीनंतर निर्वासितांची वसाहत झाली, १९५७ मध्ये मुलुंड बृहन्मुंबईत आलं. बाकी जुना इतिहास गव्हाणपाड्याच्या, म्हणजे इथल्या जुन्या वस्तीच्या, लोकांना विचारावा, तो कागदावर फारसा नाही.

आज दिसणारं मुलुंड १९९१ नंतरचं. त्या वर्षीच्या विकास नियंत्रण नियमांनी दोन गोष्टी केल्या. औद्योगिक पट्ट्यातली जमीन अटींवर निवासी वापरासाठी वळवायची वाट दिली आणि टीडीआर आणला, म्हणजे एका जागेवरचा बांधकामाचा हक्क दुसऱ्या जागेवर नेऊन वापरायची सोय. हा टीडीआर बेटावरच्या शहरात, म्हणजे उपनगरांच्या दक्षिणेच्या जुन्या मुंबईत, वापरायचा नाही, जिथे निर्माण झाला त्याच विभागात किंवा त्याच्या उत्तरेला वापरायचा, असा दंडक होता. मुलुंड आणि दहिसर ही तर मुंबईची उत्तरेची टोकं. दक्षिणेत सुटलेलं बांधकामाचं चटईक्षेत्र इथे येऊन चढणं ओघानंच आलं. उपनगरात मूळ चटईक्षेत्र निर्देशांक १ होता, म्हणजे भूखंडाएवढंच बांधकाम करता येत होतं; त्यावर तेवढाच टीडीआर चढवता येऊ लागला. चार मजल्यांच्या सोसायट्या पुनर्विकासाला निघाल्या आणि कारखान्यांच्या जागी टॉवर आले. रस्त्यांची रुंदी मात्र जुन्याच आखणीची राहिली.

पण मुलुंडकरांना सगळ्यात जास्त छळलं ते ‘खासगी वन’ या दोन शब्दांनी. हे प्रकरण नीट मांडायला हवं, कारण आजही सातबारा बघताना वकील पहिल्यांदा तेच शोधतात.

१९५६-५७ च्या सुमारास सरकारने भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम ३५(३) खाली डोंगरउतारांवरच्या अनेक खासगी जमिनींबाबत नोटिसा काढल्या. ही पहिली पायरी. मालकाचं म्हणणं ऐकायचं आणि मगच निर्बंधांची अधिसूचना काढायची, असा क्रम होता. बहुतेक ठिकाणी पुढे काहीच झालं नाही. कित्येक नोटिसा मालकांच्या हाती पडल्याचा पुरावाही नव्हता. नंतर ३० ऑगस्ट १९७५ पासून खासगी वनं संपादन करणारा राज्याचा कायदा लागू झाला. अशी नोटीस निघालेली जमीन त्याच्या व्याख्येत बसत होती, म्हणून ती त्या दिवशी आपोआप सरकारची झाली, असा अर्थ पुढे लावला गेला.

पुढे म्हणजे तीस वर्षांनी. मधल्या काळात यातल्या कित्येक जमिनी सरकारी आराखड्यांत निवासी दाखवल्या गेल्या, नागरी कमाल जमीन धारणा कायद्याखाली सवलती मिळाल्या, बांधकाम परवानग्या निघाल्या, भोगवटा प्रमाणपत्रं दिली गेली. लोकांनी कर्जं काढून घरं घेतली. पर्यावरणवाद्यांची याचिका आणि न्यायालयाचे आदेश यांनंतर २००५-०६ च्या सुमारास महसुली दप्तरात वनांच्या नोंदी चढू लागल्या. मुलुंड, नाहूर, भांडुप, कांदिवली, बोरिवली इथल्या रहिवाशांना आपण जंगलात राहतो हे तेव्हा कळलं. घर विकता येईना, त्यावर कर्ज मिळेना.

२४ मार्च २००८ रोजी उच्च न्यायालयाने सरकारची बाजू उचलून धरली. ३० जानेवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला: नोटीस नुसती निघून चालत नाही, ती मालकावर बजावलेली हवी आणि १९७५ साली जिवंत, म्हणजे तिच्यावरची कारवाई चालू, असायला हवी. अनेक दशकं सरकारने स्वतः दिलेल्या परवानग्याही न्यायालयाने लक्षात घेतल्या. घरमालकांना हा न्याय होताच, आणि तो उशिरा मिळाला. डोंगर किती कापला गेला, हा प्रश्न मात्र त्या खटल्यात कुणाच्या बाजूने नव्हता. निकालानंतरही जुन्या नोटिसांवरून वेगवेगळ्या जमिनींचे दावे चालूच राहिले.

पूर्वेकडची गोष्ट त्यामानाने सरळ. तिथली जमीन बराच काळ शहराला नको असलेल्या गोष्टींसाठी राखल्यासारखी होती. सुमारे २४ हेक्टरचं कचऱ्याचं डम्पिंग १९६० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालं आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये बंद झालं. त्याच वर्षी मंजूर झालेल्या २०३४ च्या विकास आराखड्याने मुंबईतलं बरंचसं ‘ना-विकास क्षेत्र’ ‘विशेष विकास क्षेत्र’ करून परवडणाऱ्या घरांसाठी खुलं केलं.

मिठागरांवर बांधकामाची चर्चा त्याआधीपासूनची. २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने धारावीतल्या रहिवाशांच्या पुनर्वसनासाठी कांजूर, भांडुप आणि मुलुंड इथली मिळून २५५.९ एकर मिठागराची जमीन मंजूर केली. त्यात मुलुंडचे ५८.५ एकर आहेत. पूर्वेकडच्या रहिवाशांचा त्याला विरोध आहे. पाणी, रस्ते आणि लोकल यांवर आताच ताण आहे, हे त्यांचं पहिलं कारण, आणि भरतीचं व पावसाचं पाणी सामावून घेणारी जागा जाईल, हे दुसरं. सभांमध्ये पहिलंच जास्त ऐकू येतं.