पेशंटमधून नवीन जिवाणू प्रजाती ओळखणं

पेशंटच्या रक्तात, लघवीत किंवा पुवात सापडलेला जिवाणू आजवर नाव दिलेल्या कुठल्याच प्रजातीत बसत नाही हे पुराव्यानिशी दाखवायचं आणि मग त्याला नाव द्यायचं, असं हे काम. त्याची सुरुवात मोठ्या संशोधन संस्थेतच होते असं काही नाही, सोलापुरात सिव्हिल हॉस्पिटलच्या मायक्रोबायोलॉजीत रोज कल्चर लावतात, म्हणजे नमुन्यातले जिवाणू वाढवतात, तिथूनही होऊ शकते. ब्लड अगार आणि मॅकॉन्की या जिवाणू वाढवायच्या माध्यमांवर नमुना लावून प्लेटा ३७ डिग्रीला ठेवतात, दुसऱ्या दिवशी कॉलनी (वाढलेल्या जिवाणूंचे ठिपके) बघायची, ग्रॅम स्टेन करायचा, म्हणजे जिवाणू रंगवून मायक्रोस्कोपखाली बघायचे, स्लाइडवर हायड्रोजन पेरॉक्साइडच्या थेंबात कॉलनी कालवून बुडबुडे येतात का बघायचं. बहुतेक वेळा ई. कोलाय, क्लेबसिएला असलं ओळखीचंच निघतं. कधीतरी मात्र टेस्टांचा मेळच बसत नाही, आणि बाहेर पाठवलं तर जिवाणूच्या प्रथिनांवरून नाव सांगणाऱ्या माल्डी-टॉफ मशीनलाही नाव सापडत नाही. तेवढ्यावर नवीन म्हणायचं नाही, कारण मशीनच्या डेटाबेसमध्येच ती प्रजाती नसेल.

मग १६एस हा सगळ्या जिवाणूंत असणारा जीन वाचतात, साधारण १५०० अक्षरांचा असतो, आणि जवळच्या प्रजातींच्या टाइप स्ट्रेनशी (त्या प्रजातीचा प्रमाण मानलेला वाण) ९८.७ टक्क्यांहून कमी जुळला तर वेगळी प्रजाती असण्याची शक्यता दाट. पण जास्त जुळला तरी विषय संपत नाही, काही सख्ख्या प्रजातींचा हा जीन जवळजवळ सारखाच असतो, म्हणून आता पूर्ण जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, वाचावा लागतोच. जवळच्या प्रजातींच्या जीनोमशी सरासरी साम्य ९५-९६ टक्क्यांच्या खाली पाहिजे. वर्गीकरण नंतर बदलूही शकतं, पर्थमध्ये १९८२ साली जठरातून वाढवलेला जिवाणू आधी कॅम्पायलोबॅक्टरमध्ये टाकला होता, १९८९ मध्ये त्याच्यासाठी हेलिकोबॅक्टर हा नवा वंशच (जीनस) करावा लागला.

नावाला मान्यता हवी तर जिवंत स्ट्रेन दोन वेगळ्या देशांतल्या कल्चर कलेक्शनमध्ये जमा करावा लागतो, आपल्याकडे पुण्यात आणि चंदीगडला अशी सोय आहे. त्यामुळे न जुळणारी प्लेट रिपोर्ट दिल्यावर ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेनं जंतू मारायच्या यंत्रात) घालायच्या आधी त्यातला थोडा कल्चर ग्लिसरॉलमध्ये गोठवून ठेवणं हे सगळ्यात महत्त्वाचं काम आहे, ते राहिलं तर पुढचं काहीच होत नाही.

आणि नवीन प्रजाती सापडली म्हणजे आजार तिच्यामुळेच झाला असंही नाही, कातडीवरून रक्ताच्या कल्चरच्या बाटलीत आलेली असू शकते, म्हणून ती दुसऱ्या ब्लड कल्चरमध्ये किंवा दुसऱ्या पेशंटमध्ये परत सापडते का ते बघतात. पेशंटला मात्र नावासाठी थांबवत नाहीत, कुठलं अँटिबायोटिक चालतंय याचा रिपोर्ट वॉर्डात आधी जातो.