पट्टी चिकटत नाही? आधी फोड टिपून घ्या

तोंडातल्या फोडावर लावायची आमची ज्येष्ठमधाची जेल पट्टी नेणाऱ्यांचे फोन येतात ते बहुतेक एकाच तक्रारीसाठी: "लावली अन् लगेच सुटली." कुणाच्या बोटालाच चिकटते, कुणाच्या जिभेवर गोळा होऊन येते. पट्टी खराब नसते, ओल्या जागेवर लावलेली असते.

गवारीच्या बियांचा डिंक आणि मोसंबी-लिंबाच्या सालीत असतं ते पेक्टिन पाण्यात फुगवून त्यात ज्येष्ठमधाचा अर्क मिसळतो. पट्टी लवचीक राहावी म्हणून थोडं ग्लिसरीन घालतो. हे मिश्रण काचेवर पातळ ओतून मंद आचेवर सुकवतो. ती कोरडी ठेवतो ते मुद्दाम. तोंडाच्या आतल्या अस्तराला लागली की तिथलीच ओल शोषून ती फुगते, डिंकाचे धागे अस्तरावरच्या बुळबुळीत थरात गुंततात आणि पकड बसते. मध्ये लाळ साचली असेल तर ती लाळ पिऊनच पट्टी विरघळायला लागते.

म्हणून आधी चूळ भरा. हात धुऊन बोटं पूर्ण कोरडी करा. इथंच जास्त लोक चुकतात. हात धुतात आणि ओल्या बोटांनीच पाकीट फोडतात. गाल किंवा ओठ बाहेर ओढून धरा, स्वच्छ कापसाने फोड हलके टिपा, घासू नका. लगेच पट्टी ठेवून मनात तीस मोजेपर्यंत दाबा आणि बोट वर न उचलता बाजूला सरकवून काढा. अर्धा तास काही खाऊ-पिऊ नका. रात्री झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे रात्रीच्या जेवणानंतर लावलेली पट्टी सगळ्यात जास्त टिकते. ओढून काढायची गरज नाही, ती आपोआप विरघळते.

"मलम स्वस्त मिळतं की!" असंही ऐकतो. मिळतं, पण जीभ आणि लाळ ते लवकर पुसून नेतात. पट्टी फोड झाकून ठेवते, त्यामुळे येसराची आमटी खाताना झोंबणं कमी होतं. बधिर करणारं औषध आम्ही घालत नाही, कारण बधिर तोंडात गाल चावला गेला तरी कळत नाही.

साधा फोड एक-दोन आठवड्यांत स्वतःहून भरतो. तीन आठवडे झाले तरी भरला नाही, तर आमची पट्टी बाजूला ठेवा आणि दंतवैद्याला दाखवा. गुटखा-तंबाखू खाणाऱ्यांना पांढरा चट्टा दिसला किंवा तोंड कमी उघडू लागलं तर थांबूच नका. छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. वारंवार तोंड येत असेल तर बी-१२, लोह आणि फॉलिक ॲसिड तपासून घ्या. रक्तदाब असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी ज्येष्ठमध डॉक्टरांना विचारूनच वापरावं. लहान मुलांसाठीही आधी विचारा.

प्रत्येक पट्टी वेगळ्या पाकिटात देतो, त्याने किंमत थोडी वाढते. पण पावसाळी हवेत उघड्या पट्ट्या एकमेकींना चिकटतात आणि एप्रिल-मेच्या उन्हात कडक होऊन तडकतात. गाडीच्या डिकीत ठेवू नका. पहिल्यांदा घेत असाल तर दुकानात सुटी पट्टी मागा, लावून बघा, मगच जास्त पट्ट्या न्या.