माज ओसरल्यावर सुटणारे बीज

गाय दोन-तीनदा उलटली, म्हणजे कृत्रिम रेतन करूनही गाभण राहिली नाही, की पहिला दोष रेतमात्रेला दिला जातो आणि दुसरा गाईला. रेतनाच्या वेळेवर कुणी बोट ठेवत नाही. पुष्कळदा चूक मात्र तिथेच असते.

गाय हंबरते, दुसऱ्या गाईवर उडते, वैरणीला तोंड लावत नाही, तेव्हा आपल्याला वाटते की हीच भरवण्याची, म्हणजे रेतन करण्याची, वेळ. प्रत्यक्षात त्या क्षणी स्त्रीबीज अजून अंडाशयातच असते. बीज सांभाळणारी पुटिका वाढताना इस्ट्रोजेन सोडते आणि माजाची सारी लक्षणे त्या इस्ट्रोजेनमुळे दिसतात. त्याची पातळी पुरेशी चढली की मेंदूच्या तळाची पियुषिका ग्रंथी एलएच या संप्रेरकाचा लोट सोडते. त्यानंतर साधारण एका दिवसाने पुटिका फुटते. माज टिकतो १२ ते १८ तास. बीज सुटते तो संपल्यावर आणखी १० ते १२ तासांनी. तोवर गाय शांत होऊन रवंथ करत असते.

आता घड्याळ लावून बघू. सोमवारी सकाळी सहाला माज सुरू झाला असे धरा. बीज मंगळवारी सकाळी दहाच्या आसपास सुटेल आणि त्याचा दम जेमतेम ६ ते १२ तासांचा. शुक्राणूंचे गणित वेगळे आहे. गर्भाशयात सोडल्यावर ते लगेच फलनाला तयार नसतात; बीजनलिकेपर्यंत पोचून सक्षम व्हायला त्यांना सहा-आठ तास लागतात. शिवाय उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रव नायट्रोजनमधून बाहेर काढलेले गोठीत रेत ताज्या रेताइतके तग धरत नाही, फार तर दिवसभर. म्हणून सोमवारी सकाळी सातलाच रेतन उरकले, तर बीज सुटेपर्यंत बरेचसे शुक्राणू संपलेले असतात. मंगळवारी संध्याकाळी केले, तर ते तयार होईपर्यंत बीज शिळे होते. सोमवारी संध्याकाळी केले, तर बीज येते तेव्हा शुक्राणू वाटेवर तयार असतात.

सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी, हा नियम यातूनच आला. अमेरिकेत नेब्रास्का विद्यापीठात जॉर्ज ट्रिंबर्गर यांनी १९४० च्या दशकात केलेल्या अभ्यासावर तो उभा आहे. आपल्याकडे घरपोच कृत्रिम रेतन खेड्यापाड्यांत नेण्यात मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उरुळी कांचनला स्थापन केलेल्या बायफ या संस्थेचा मोठा वाटा आहे. पण दारात आलेला माणूस कितीही कुशल असला, तरी माज कधी सुरू झाला हे त्याला घरच्यांनीच सांगायला हवे. "काल कधीतरी" या उत्तरावर त्याने काय करावे?

पक्क्या माजाची खूण एकच: दुसरे जनावर वर उडाले तरी गाय जागची हलत नाही. मुक्तसंचार गोठ्यात हे सहज दिसते. दावणीला बांधलेल्या गाईत कसे दिसणार? तिथे बळस, म्हणजे माजात योनीतून येणारा स्राव, वाचावा लागतो. सुरुवातीला तो पातळ असतो. ऐन माजात काचेसारखा स्वच्छ, अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा चिकट, योनीतून जमिनीपर्यंत न तुटता लोंबणारा. माज सरत आला की घट्ट आणि गढूळ होतो. मात्र त्यात पांढरे-पिवळे पूसारखे काही दिसले तर रेतन करू नये. आधी डॉक्टरांना गर्भाशय तपासू द्यावे. धार अचानक कमी होणे, सारखी थोडी-थोडी लघवी करणे, शेपटीच्या मुळाशी केस विस्कटलेले असणे याही खुणा आहेत, पण एकट्या खुणेवर विसंबू नये.

हे सारे पहाटे आणि रात्री जास्त दिसते. म्हणून धार काढणाऱ्या बाईचे निरीक्षण मला सर्वांत मोलाचे वाटते. ती रोज दोन वेळा गाईजवळ बसते, फरक तिलाच आधी जाणवतो. म्हशीत तर या नजरेशिवाय गत्यंतर नाही. तिचा मुका, म्हणजे फारशी लक्षणे न दाखवणारा माज, विशेषतः उन्हाळ्यात, बळस न लोंबताच निघून जातो. म्हैस बसली असता खाली ओघळलेला थेंब किंवा अधूनमधून रेकणे एवढेच काय ते कळते.

एक माज हुकला की २१ दिवस गेले. तेवढे दिवस वैरण आणि पेंड चालूच राहते, वेत लांबते. गोठ्याच्या भिंतीवर टांगलेले कॅलेंडर इथे कामाला येते: प्रत्येक माजाची तारीख आणि तास त्यावर लिहायचा. रेतनानंतरही १८ ते २४ दिवसांच्या दरम्यान गाय पुन्हा बघायची. त्यात ती माजावर आली नाही म्हणून गाभण धरून चालू नये; खात्री तपासणीनेच होते. आणि गाभण गायही कधीकधी माज दाखवते, तिला पुन्हा भरवले तर गाभडण्याचा धोका असतो.

कालवडीच्या शेपटीला कधी लालसर बळस चिकटलेला दिसतो. घाबरून लगेच फोन लावायचे कारण नाही. माज होऊन एक-दोन दिवस झाले, एवढाच त्याचा अर्थ. गर्भ राहिला की नाही हे त्यावरून कळत नाही. रेतन झालेले नसेल तर आता घाईने करून उपयोग नाही, बीजाची वेळ गेली. ती तारीख मांडून ठेवावी आणि तिथून सतराव्या-अठराव्या दिवसापासून पहाटे लवकर गोठ्यात जायला लागावे.