जीमॅट पुन्हा द्यायची? तारीख घेण्याआधी हे वाचा

ज्यांनी जीमॅट (एमबीएच्या प्रवेशासाठीची परीक्षा) एकदा दिली आहे, स्कोअर मनासारखा आला नाही आणि पुढची तारीख घ्यायला हात शिवशिवत आहेत, त्यांच्यासाठी मुख्यतः हे पत्रक आहे. पहिल्यांदा बसणाऱ्यांनीही वाचायला हरकत नाही. दुसऱ्यांदा बसायची पाळी का येते, हे आधीच कळलेलं बरं.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो. आम्ही जीमॅटची तयारी करून घेतो. तुम्ही पुन्हा परीक्षा दिलीत तर आमचं काम वाढतं, म्हणजे त्यात आमचा फायदाच आहे. ते लक्षात ठेवूनच आमचं म्हणणं ऐका. म्हणणं इतकंच की, मागच्या वेळेपेक्षा या वेळी नेमकं काय वेगळं असणार आहे हे सांगता येत नसेल, तर तारीख घेऊ नका. "या वेळी जास्त अभ्यास करणार" हे उत्तर आम्ही धरत नाही. ते सगळेच म्हणतात.

आताची परीक्षा

मित्रांकडून मिळालेली जुनी पुस्तकं अजूनही फिरत असतात, म्हणून हे सांगणं भाग आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये जीमॅटचं रूप बदललं आणि जानेवारी २०२४ च्या अखेरीस जुनी परीक्षा बंद झाली. आता निबंध नाही, वाक्यशुद्धीचे प्रश्न नाहीत, क्वांटमध्ये (गणिताच्या विभागात) भूमिती नाही. तुमच्या पुस्तकात त्रिकोण आणि वर्तुळांची प्रकरणं असतील तर ती सोडा.

आता ४५ मिनिटांचे तीन विभाग आहेत: क्वांटमध्ये २१ प्रश्न, व्हर्बलमध्ये (इंग्रजी वाचन आणि तर्क) २३ आणि डेटा इनसाइट्समध्ये (तक्ते, आलेख आणि माहिती वाचून उत्तरं) २०. विभागांचा क्रम तुम्ही ठरवायचा. मध्ये १० मिनिटांची एक सुट्टी घेता येते. कॅल्क्युलेटर फक्त डेटा इनसाइट्समध्ये मिळतो.

एकूण स्कोअर २०५ ते ८०५ असतो आणि शेवटचा आकडा कायम ५. जुन्या स्कोअरशी याची थेट तुलना करू नका. जुन्या परीक्षेत ७०० ची जी पत होती, ती आता साधारण ६४५ ची आहे. घरात कोणी जुन्या काळी ७१० मिळवले असतील आणि तुम्ही ६५५ घेऊन तोंड पाडून बसला असाल, तर आधी तोंड धुऊन या.

आता एक हिशेब, जो बहुतेक जण करतच नाहीत. प्रत्येक विभागाचा स्कोअर ६० ते ९० असतो आणि एकूण स्कोअरमध्ये तिन्ही विभागांचं वजन सारखं. म्हणजे विभागातले तीन गुण वाढले की एकूण स्कोअर साधारण २० ने वाढतो. क्वांट ८६ वरून ८८ वर न्यायला महिनाभर घासलंत तर हाती दहा-वीस गुण लागतील. तोच महिना ७४ वर अडकलेल्या डेटा इनसाइट्सला दिलात आणि ते ८० वर गेलं, तर ४० च्या आसपास. तरीही गणितात हात बसलेली माणसं क्वांटच करत बसतात, कारण तिथे उत्तरं बरोबर येतात आणि अभ्यास झाल्यासारखं वाटतं. आमच्या मते दुसऱ्यांदा बसायची वेळ येण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे.

चुकांची वही

प्रश्न किती सोडवले याला आम्ही फारसं महत्त्व देत नाही. चुकलेल्या प्रश्नांवर तुम्ही काय लिहून ठेवलंय ते बघतो. डेटा सफिशियन्सीचा (हा प्रकार आता डेटा इनसाइट्समध्ये येतो; दिलेली विधानं उत्तरासाठी पुरेशी आहेत का, एवढंच त्यात ठरवायचं असतं) एक साधा नमुना घ्या.

क्ष ३ पेक्षा मोठा आहे का?
पहिलं विधान: क्ष चा वर्ग ९ पेक्षा मोठा आहे.
दुसरं विधान: क्ष चा घन २७ पेक्षा मोठा आहे.

पहिलं विधान वाचून पुष्कळ जण "हो, मोठा आहे, विधान पुरेसं" असं ठरवून मोकळे होतात. पण क्ष उणे ४ असेल तर? वर्ग १६, म्हणजे ९ पेक्षा मोठा, आणि क्ष मात्र ३ पेक्षा लहान. त्यामुळे पहिलं विधान पुरत नाही. दुसऱ्यात ही पळवाट नाही, कारण उणे संख्येचा घन उणेच राहतो. घन २७ च्या वर गेला म्हणजे क्ष ३ च्या वर असलाच पाहिजे. तेव्हा दुसरं विधान एकटं पुरतं.

हा प्रश्न चुकला की वहीत काय लिहिलं जातं? "घाईत झालं." किंवा "सिली मिस्टेक." अशा नोंदीचा काडीचा उपयोग नाही, कारण पुढच्या वेळी घाई करणार नाही असं ठरवून घाई थांबत नसते. नोंद अशी हवी: "वर्ग दिसला, उणे किंमत घालून पाहिली नाही." ही नोंद वहीत चार वेळा दिसली की ती घाई नसून तुमची सवय आहे हे कळतं, आणि सवय मोडता येते. पुढचे काही दिवस असल्या प्रत्येक प्रश्नात शून्य, एक उणे संख्या आणि एक अपूर्णांक घालून पाहायचा. मग घड्याळ लावलं तरी हात आपोआप तिकडे जातो.

व्हर्बलची नोंद वेगळी असते. तिथे आता उताऱ्यावरचे प्रश्न आणि क्रिटिकल रीझनिंग (छोट्या युक्तिवादाची पारख) एवढंच उरलं आहे. बरोबर पर्याय बरोबर का, यापेक्षा तुम्ही निवडलेला चुकीचा पर्याय तुम्हाला का पटला, ते लिहा. बऱ्याचदा त्या पर्यायात उताऱ्यातलेच शब्द असतात, फक्त उतारा म्हणतो त्यापेक्षा तो दोन पावलं पुढे जातो.

घड्याळ

क्वांटसाठी एकच आकडा पाठ करा: दर १५ मिनिटांना ७ प्रश्न. घड्याळात ३० मिनिटं उरली असताना आठवा प्रश्न समोर हवा आणि १५ उरली असताना पंधरावा. प्रत्येक प्रश्नाला घड्याळ बघत बसलात तर डोकं प्रश्नात राहणार नाही. डेटा इनसाइट्समध्ये असं सरळ गणित बसत नाही, कारण एखादा तक्ता वाचायलाच वेळ जातो. तिथे एक-दोन प्रश्नांवर पाणी सोडायची तयारी आधीपासून ठेवा.

उत्तर दिल्याशिवाय पुढचा प्रश्न येत नाही. अडलात तर अंदाजाने पर्याय निवडा, प्रश्नाला बुकमार्क करा आणि पुढे चला. विभागाच्या शेवटी वेळ उरला तर मागे जाऊन जास्तीत जास्त तीन उत्तरं बदलता येतात. शेवटचे प्रश्न कोरे राहिले तर स्कोअरला दंड बसतो, म्हणून वेळ संपत आली की डोळे मिटून का होईना, उत्तरं भरून टाका. सुरुवातीच्या प्रश्नांवरच सगळा स्कोअर ठरतो, या समजुतीपोटी पहिल्या पाचांवर वीस मिनिटं घालवणारे पुढे हमखास अडकतात.

पुन्हा द्यायची का?

नियम सोपे आहेत. दोन परीक्षांमध्ये किमान १६ दिवस हवेत आणि १२ महिन्यांत जास्तीत जास्त पाच वेळा बसता येतं. स्कोअर पाच वर्षं चालतो. तुम्ही पाठवाल तोच स्कोअर कॉलेजला दिसतो, त्यामुळे एक परीक्षा वाईट गेली म्हणून कपाळाला डाग लागत नाही. पण १६ दिवस हा नियम आहे, सल्ला नव्हे.

निर्णय घ्यायचा तो मॉकवरून (म्हणजे सराव परीक्षेवरून), आणि तोही परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या अधिकृत मॉकवरून. असे सहा मॉक मिळतात, त्यातले पहिले दोन फुकट. इतर कंपन्यांच्या मॉकवर सराव जरूर करा, पण त्यांच्या स्कोअरवर निर्णय टांगू नका. आमचे स्वतःचे सराव-संचही त्यात आले. अधिकृत मॉक दुसऱ्यांदा दिला तर ओळखीचे प्रश्न येतात आणि स्कोअर फुगतो. फोन हाताशी ठेवून, मध्येच चहाला उठून दिलेला मॉक तर हिशेबातच धरू नका.

शेवटचे मॉक ६५५, ६६५, ६४५ असे होते आणि प्रत्यक्षात ५९५ आला, तर त्या दिवशी काहीतरी बिनसलं. झोप झाली नव्हती, विभागांचा क्रम ऐनवेळी बदललात, एका प्रश्नावर सात मिनिटं गेली. अधिकृत स्कोअर रिपोर्टमध्ये वेळ कुठे गेला तेही दिसतं, तिथून सुरुवात करा. अशा वेळी आम्ही पुन्हा द्या म्हणतो, आणि लवकर द्या. तीन-चार आठवडे पुरतात. त्यात नवीन काही शिकायचं नसतं.

मॉक ६०५ ते ६२५ आणि प्रत्यक्षात ६१५. इथे परीक्षेने खरं तेच सांगितलं. लगेच पुन्हा बसलात तर दहा-वीस गुण इकडेतिकडे होतील, तेवढे हलणं स्वाभाविकच आहे. ६६५ हवे असतील तर आधी मॉक तिथे पोचू द्या, मग तारीख घ्या. त्याला दोन-तीन महिने लागू शकतात. नोकरी सांभाळून ते जमणार आहे का, याचं उत्तर घरच्यांना विचारूनच द्या.

मॉक ६२५ च्या आसपास आणि प्रत्यक्षात ६५५ आला, तर स्कोअर पाठवा आणि गप्प बसा. या मंडळींनाच "आणखी थोडा वाढला असता" ची हुरहुर सगळ्यात जास्त असते.

नीट तयारी करूनही दोन-तीनदा स्कोअर तिथेच राहिला असेल, तर जीआरई या दुसऱ्या प्रवेश परीक्षेकडे बघा. बहुतेक बी-स्कूल ती स्वीकारतात. तिथे डेटा इनसाइट्स हा वेगळा विभाग नाही, क्वांटभर कॅल्क्युलेटर मिळतो आणि विभागात मागेपुढे मोकळेपणाने जाता येतं. मात्र शब्दसंग्रह दांडगा लागतो आणि भूमिती परत येते. आधी एक मॉक देऊन बघा, मगच उडी मारा.

स्कोअर सोडून बाकीचं

तुमच्या यादीतल्या प्रत्येक कॉलेजच्या संकेतस्थळावर आधीच्या बॅचची माहिती असते, त्यात बहुतेकदा स्कोअरचा मीडियन किंवा पट्टा दिलेला असतो. मीडियनच्या वर अर्धा वर्ग असतो, तसा खाली अर्धा असतोच. तुम्ही मीडियनपासून १० गुणांनी खाली असाल, तर ते १० गुण तुमचा अर्ज तारतील याची शक्यता फार कमी. कामाचा अनुभव मांडताना गुळमुळीत राहिलेला अर्जातला निबंध मात्र अर्ज नक्की बुडवू शकतो. पट्ट्याच्या तळाशी किंवा त्याही खाली असाल, तर गोष्ट वेगळी. मग परीक्षा पुन्हा द्या.

अर्जाच्या फेऱ्याही लक्षात घ्या. बऱ्याच ठिकाणी पहिली फेरी सप्टेंबरच्या सुमारास बंद होते, दुसरी जानेवारीत. दुसऱ्या फेरीसाठी डिसेंबरमध्ये परीक्षा ठेवलीत, तर निबंध रात्री जागून लिहाल आणि तो निबंध तसाच वाचला जाईल.

आम्ही काय करतो

पहिल्या भेटीत आम्ही शिकवत नाही. रिपोर्ट, मॉक आणि वही समोर ठेवून वर सांगितलेला हिशेब तुमच्यासाठी मांडतो. पुन्हा देण्यात अर्थ नाही असं दिसलं तर तसं सांगतो, आणि पुढची नोंदणी घेत नाही. स्कोअरची हमी आम्ही देत नाही. कोणी देत असेल, तर हमीच्या अटी नीट वाचून घ्या.

येताना अधिकृत स्कोअर रिपोर्ट, शेवटच्या तीन मॉकचे स्कोअर तारखांसकट आणि कॉलेजांची यादी आणा. चुकांची वही नसेल, तर शेवटच्या मॉकमध्ये चुकलेल्या प्रत्येक प्रश्नावर एकेक ओळ लिहून आणा. "घाईत झालं" हे शब्द न वापरता.